स्पॅनिशचा भविष्यकाळ: सहा शेपट्या पाठ केल्या की झालं?

केळफूल
नमस्कार मंडळी, कर्वे रोडवरच्या एका क्लासला स्पॅनिश शिकायला जातेय. (जर्मन का नाही असं कृपया कोणी विचारू नका, घरचे, सासरचे आणि सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांनी विचारून झालंय.) वर्तमानकाळाने नुसता जीव काढला होता, आर वाल्या क्रियापदांचे प्रत्यय वेगळे, एर वाल्यांचे वेगळे, इर वाल्यांचे अजून जरासे वेगळे, त्यात मधेच स्वर बदलणारी मंडळी. आणि परवा भविष्यकाळ सुरू झाला तर आमच्या बाईंनी फळ्यावर निळ्या मार्करने आख्खं आब्लार (बोलणे, सुरुवातीचा एच गिळतात) लिहिलं, त्यातलं एक अक्षर पण न कापता पुढे लाल मार्करने शेपटी जोडली आणि म्हणाल्या, झालं.

यो आब्लारे, तू आब्लारास, एल किंवा एया आब्लारा, नोसोत्रोस आब्लारेमोस, बोसोत्रोस आब्लारेइस, एयोस आब्लारान.

म्हणजे मी बोलेन, तू बोलशील वगैरे. मग कोमेर (खाणे) घेतलं तर कोमेरे, कोमेरास, कोमेरा. बिबिर (राहणे) घेतलं तर बिबिरे, बिबिरास, बिबिरा. तेच लाल मार्करचं, शेपट्या बदलल्याच नाहीत. वर्गात सगळे एकमेकांकडे बघायला लागले की यात गोम कुठेय.

तर शंका अशा: खरंच तिन्ही गटांना ह्याच सहा शेपट्या लागतात का, की पुढच्या आठवड्यात बाई बॉम्ब टाकणार आहेत? आणि रोमन लिपीत लिहिताना पाच रूपांच्या स्वरावर ती तिरकी रेघ (जोर दाखवणारी) आहे आणि फक्त एमोस वर नाही, असं का? तिसरी शंका जास्त महत्त्वाची. मी ऑनलाइन एका कोलंबियाच्या मुलीशी सराव करते, ती हे रूप फारसं वापरतच नाही, सारखं बोय आ आब्लार (मी बोलणार आहे), बोय आ कोमेर. मग हे सगळं पाठ करायचं कशाला?

पेठेतला वाटाड्या
पहिला! वाचतोय. स्पॅनिशमधलं मला फक्त पाएया माहितीये आणि तो पण साबुदाण्याच्या खिचडीसारखा दिसतो एवढंच.

झणझणीत
पुण्यात भविष्यकाळाचं एकच रूप आहे, सर्व पुरुष सर्व वचनं: बघू.

काटकोन
@झणझणीत, आणि प्लंबरचं रूप: येतोच. ते वर्तमानकाळात असतं पण अर्थ पुढच्या महिन्यात.

(आता एक ते चारचा विनोद कोणी टाकला तर मी धागा सोडून जाईन, आधीच सांगतो.)

अनुस्वार
केळफूल, बॉम्ब येणार आहे पण छोटा. आधी तुझ्या पहिल्या शंकेचं. हो, तिन्ही गटांना ह्याच सहा शेपट्या, आणि नुसत्या नियमित क्रियापदांनाच नाही तर अनियमितांनाही ह्याच. वर्तमानकाळात ज्यांनी छळलं ते सेर (असणे), इर (जाणे), एस्तार, दार, बेर ही सगळी भविष्यकाळात एकदम शहाणी मुलं होतात. सेर चं सेरे, इर चं इरे, इरास, इरा. वर्तमानात इर चं बोय, बास, बा असं काहीतरी तिसरंच होत होतं ना? इथे सरळ.

बॉम्ब म्हणजे डझनभर क्रियापदं अशी आहेत की शेपटी तीच राहते पण मूळ शब्द जरा चेपला जातो. तेनेर चं तेनेरे होत नाही, तेन्द्रे होतं. साबेर चं साब्रे, पोदेर चं पोद्रे, केरेर चं केर्रे, आसेर चं आरे, देसिर चं दिरे. बारा मूळ शब्द आणि त्यांच्यापासून झालेले जोडशब्द, म्हणजे मान्तेनेर चं मान्तेन्द्रे वगैरे. एवढंच.

रेघेचं: स्पॅनिशमध्ये शब्द स्वराने, न ने किंवा स ने संपला तर जोर आपोआप शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. जोर तिथे नसेल तर रेघ मारून दाखवायचा. आब्लारे मध्ये जोर शेवटच्या रे वर आहे, म्हणून रेघ. आब्लारास, आब्लारा, आब्लारान तसंच. आब्लारेइस मध्ये रेइस हे एकच अक्षर आणि तेच शेवटचं, म्हणून तिथेही. आब्लारेमोस मध्ये मात्र जोर रे वर आहे आणि तो शेवटून दुसराच आहे, म्हणजे नियमाप्रमाणेच, म्हणून रेघ मारायचं कारण नाही. सवलत वगैरे काही नाही.

तिसऱ्या शंकेला नंतर येतो, ऑफिसात आहे.

हिंजवडीचा कैदी
अनुस्वार यांनी सगळं लिहिलंच आहे, मी तिसऱ्याचं सांगतो कारण आमचा क्लायंट मेक्सिकोचा आहे आणि रात्रीचे कॉल माझ्या गळ्यात. बोलताना ते लोक हे शेपटीवालं रूप अगदी कमी वापरतात हे खरंय, सगळं बामोस आ, बामोस आ (बोय आ चंच अनेकवचन) चालू असतं. किंवा सरळ वर्तमानकाळ ठोकतात, मान्याना ते यामो, म्हणजे आपल्या उद्या फोन करतो सारखंच. पण तोच माणूस कॉल संपल्यावर जो मेल पाठवतो ना, त्यात एन्बिआरेमोस एल इन्फोर्मे एल लुनेस, रिपोर्ट सोमवारी पाठवू, असं शेपटी लावून. लेखी, औपचारिक, कराराची भाषा, नोटीस, बातमी, तिथे हेच रूप. तेव्हा वाचायला तरी यायलाच पाहिजे, नाहीतर सोमवारी काय येणार आहे तेच कळत नाही.

आमच्या टीममध्ये एक जण तिरक्या रेघा मारायचाच नाही, म्हणायचा संदर्भावरून कळतं की. कळतं बहुतेक वेळा.

शुद्धलेखनवाला
"बहुतेक वेळा" हे चार शब्दांत सांगितलेलं शुद्धलेखनाचं मरण आहे.

लिंबूटिंबू
दोन शब्द आहेत काका.

शुद्धलेखनवाला
मोजलं मी नंतर. मुद्दा तोच आहे.

अनुस्वार
आलो परत. रेघ न मारण्यावरून: भविष्यकाळातच ती सगळ्यात जास्त नडते. तो बोलेल आणि "तो बोलला असता तर" छापाचं जे रूप आहे ते, दोन्ही लिहिताना अक्षरं तंतोतंत तीच. देवनागरीत तर दोन्ही आब्लारा असंच दिसेल. फरक इतकाच की शेवटच्या रा वर जोर आणि रेघ असेल तर बोलेल, जोर मधल्या ब्ला वर असेल आणि रेघ नसेल तर ते दुसरं. आब्लारास आणि आब्लारान चं तेच. आब्लारे वरची रेघ काढली तर एक जुनाट रूप तयार होतं, ते आता कायद्याच्या कागदांत आणि म्हणींत उरलंय. जिथे जाशील तिथे जे दिसेल ते कर, आपल्या देश तसा वेश च्या जवळची त्यांची एक म्हण आहे ना, दोन्दे फुएरेस आस लो के बिएरेस, त्यातलं फुएरेस, बिएरेस हे तेच.

म्हणून परीक्षेत रेघ सुटली तर मार्क कापणारा मास्तर खडूस नसतो.

रिकामटेकडा
मला एक कळत नाही, हे तक्ते कशाला? लहान मूल तक्ता पाठ करून बोलतं का? मी फक्त मालिका बघून आणि गाणी ऐकून समजण्याइतकी स्पॅनिश शिकलो, एक पण तक्ता पाठ केला नाही. पुण्यातले क्लास म्हणजे पाढे. बे एके बे झालं की भाषा आली असं समजायचं. बोलायला लागा, शेपट्या आपोआप फुटतील.

गवतीचहा
@रिकामटेकडा, लहान मुलाभोवती दिवसभर बडबडणारी आई, आजी, शेजारीण आणि कामवाल्या मावशी असतात हो. केळफूलकडे आठवड्यातून दोनदा संध्याकाळचा क्लास आणि एक कोलंबियाची मुलगी आहे. आणि तुम्ही समजण्याइतकी शिकलात म्हणताय, बोलण्याइतकी नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

मी उलट्या बाजूने सांगते. मी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. आपला भविष्यकाळ त्यांना शिकवून बघा एकदा. करीन, करशील, करील, करू, कराल, करतील. बरं म्हणतात, पाठ केलं. मग बसेन, बसशील, बसेल. अहो बाई, मगाशी ईन होतं आता एन कुठून आलं? मग जाईन, जाशील, जाईल. मग देईन, घेईन, पिईन. स्पेनहून आलेल्या एका मुलीने वहीत सहा शेपट्यांसाठी सहा चौकोन आखून आणले होते, त्यांच्याकडे तेवढेच लागतात म्हणून, आणि पहिल्याच दिवशी करीन लिहिलेल्या चौकोनात तिरक्या बारीक अक्षरात बसेन कोंबत बसली होती. तिला मी सांगितलं, बाळ, अख्खं पान घे.

एका बाबतीत मात्र तिला हायसं वाटलं. हिंदी आधी शिकलेली होती, तिथे जाऊंगा जाऊंगी. मराठीत मी जाईन, बाई असो की बुवा, आणि त्यांच्याकडेही इरे, बाई असो की बुवा.

शुद्धलेखनवाला
गवतीचहा, तुम्ही करील लिहिलंत याबद्दल दंडवत. हल्ली सगळे करेल लिहितात. पुस्तकाप्रमाणे सकर्मकाला ई, अकर्मकाला ए. करीन पण बसेन. लिहील पण पडेल. विषय संपला.

काटकोन
संपला कसला, सुरू झाला. सांगेन की सांगीन? सांगणे सकर्मक आहे. आमच्या घरी तीन पिढ्या सांगेन म्हणतात.

शुद्धलेखनवाला
तुमच्या घरी तीन पिढ्या चुकतायत.

आज्जी_ऑनलाईन
मुलांनो भांडू नका. मी करीन पण म्हणते आणि करेन पण म्हणते, कोणाला सांगतेय त्यावर.

पेठेतला वाटाड्या
धाग्याचं काश्मीर होण्याआधी मूळ मुद्द्यावर या. मला खरंच उत्सुकता आहे, स्पॅनिशवाल्यांना हे एवढं सोपं कसं काय जमलं? कुठल्याही भाषेत इतका सरळ तक्ता असतो का? मी रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकलो, तिथे भविष्यकाळ म्हणजे आधी क्रियापदाची जोडीदारीण शोधा, काम पूर्ण होणारे की नुसतं चालू राहणारे ते ठरवा, मग बोला. तोवर भविष्य येऊन गेलेलं असतं.

अनुस्वार
वाटाड्या, छान प्रश्न. सरळ आहे कारण ती शेपटी मुळात शेपटीच नाही, ते एक वेगळं क्रियापद होतं, नंतर येऊन चिकटलंय.

लॅटिनमध्ये भविष्यकाळाची स्वतःची रूपं होती. आमाबित म्हणजे प्रेम करील. आणि आमावित म्हणजे प्रेम केलं. पुढे बोलीत स्वरांमधले ब आणि व एकसारखे उच्चारायला लागले, आता करील आणि केलं यात फरक राहिला नाही तर व्यवहार कसा करायचा? (शिवाय तिसऱ्या-चौथ्या गटाच्या क्रियापदांची भविष्यरूपं निराळीच होती, तोही घोळ.) मग लोक सरळ म्हणायला लागले आमारे हाबेओ, शब्दशः "प्रेम करायचं आहे माझ्याकडे". आपलं मला करायचंय जवळपास तसंच. हे हाबेओ झिजत झिजत स्पॅनिशमध्ये ए झालं, आणि क्रियापदाच्या पाठीला चिकटलं. आता आबेर (त्याच हाबेओचं स्पॅनिश क्रियापद) चा वर्तमानकाळ आठव केळफूल, तुम्हाला शिकवला असेल: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. ओळखीचं वाटतंय? फक्त आबेइस मधला आब गळून एइस राहिला.

म्हणून मूळ शब्द कापायचा नाही. तू मूळ शब्द अधिक आबेर असंच म्हणतेयस, मधली जागा फक्त पुसली गेलीये. आणि हे काही आजच्या पंडितांनी शोधलेलं नाही, नेब्रिहा नावाच्या व्याकरणकाराने १४९२ साली कॅस्टिलियन (म्हणजे स्पॅनिशच) भाषेचं पहिलं व्याकरण लिहिलं त्यातच त्याने हे रूप असं दोन तुकड्यांचं आहे म्हणून नोंदवलंय.

केळफूल
अय्या! आबेर चा वर्तमानकाळ आम्हाला आधीच झालाय. म्हणजे नवीन काहीच पाठ करायचं नाहीये. बाईंनी हे का नाही सांगितलं?

गवतीचहा
कारण सांगितलं असतं तर अर्धा वर्ग लॅटिनच्या नावाने पुढच्या बॅचला आलाच नसता.

मांडवीकाठ
गोव्याहून हजेरी. आमच्या आजोबांच्या पिढीची पोर्तुगीज यात अजून एक पाऊल मागे आहे. तिथे पुस्तकी भाषेत मधली जागा अजून उघडते. त्याच्याशी बोलेन याला लेखी पोर्तुगीजमध्ये फालार, मग ल्ये, मग एइ, तिन्हींच्या मधे आडव्या रेघा. म्हणजे "त्याच्याशी" हा शब्द क्रियापद आणि शेपटीच्या मधे घुसतो. रोजच्या बोलण्यात कोणी म्हणत नाही, पण जुन्या पत्रांत, अर्जांत सर्रास. जुन्या स्पॅनिशमध्येही हे चालायचं, दार्ते ए, म्हणजे तुला देईन.

पेठेतला वाटाड्या
दंडवत घ्या सगळ्यांनी. पैसे वसूल. (फुकट वाचत असलो तरी.)

झणझणीत
मला वर अनुस्वार यांच्या यादीत एक गोष्ट दिसली आणि मी चहा सांडला. तेनेर चं तेन्द्रे. मग मी नेटवर बाकीची शोधली. पोनेर (ठेवणे) चं पोन्द्रे. सालिर (बाहेर पडणे) चं साल्द्रे. आणि बेनिर (येणे) चं... बेन्द्रे!!!

बेंद्रे, पोंद्रे, तेंद्रे, सालद्रे. ही व्याकरणाची यादी नाही, ही नारायण पेठेतल्या वाड्याच्या जिन्याखालची लेटरबॉक्सची रांग आहे.

लिंबूटिंबू
मेले =))))

काटकोन
बेंद्रे म्हणजे मी येईन! आमच्या कॉलेजात एक बेंद्रे होता, कधी म्हणजे कधीच वेळेवर आला नाही.

केळफूल
मी हे आयुष्यात विसरणार नाही आता. परीक्षेत हसू आलं तर तुमच्यावर केस करीन. (करेन?)

शुद्धलेखनवाला
करीन.

अनुस्वार
झणझणीत यांनी हसताहसता बरोबर गठ्ठा बांधलाय. हा द आला कुठून माहितीये? बेनिर ला ए चिकटल्यावर मधला इ झिजला, बेन्रे उरलं. न आणि र शेजारी आले की जीभ अडखळते आणि मधे आपसूक द येतो. सालिर मध्ये ल आणि र मधे तसाच. आपल्याकडे पण झालंय हे, संस्कृत वानर चं आपण वांदर केलं, तो द तसाच मधे आलेला आहे.

झणझणीत
म्हणजे बेंद्रे आणि वांदर एकाच नियमाने बनलेत. हे मी आमच्या बेंद्रे काकांना सांगणार नाहीये.

आज्जी_ऑनलाईन
मी पण थोडी स्पॅनिश शिकले, नाईलाजाने, कारण धाकटीचं सासर स्पेनमधलं, व्हॅलेन्सियाचं. व्याकरण मला तुमच्यासारखं येत नाही पण एक सांगते ते क्लासमध्ये उशिरा शिकवतात. एकदा व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना मी विचारलं नातू कुठे आहे. त्या कढईत काहीतरी परतत होत्या, मान पण वर न करता म्हणाल्या, एस्तारा एन एल पार्के. माझ्या शेजारी बसलेला आमचा भाचा, बंगलोरला क्लास केलेला, मला म्हणतो मावशी, तो पार्कात असणार आहे, म्हणजे नंतर जाणार आहे. मी म्हटलं अरे वेड्या, पार्कात असेल, असं म्हणतायत त्या. आत्ता. बघितलं नाहीये त्यांनी, अंदाज सांगतायत. आपण नाही का म्हणत, असेल इथेच कुठेतरी. आणि तसंच निघालं, पाच मिनिटांनी नातू गुडघे खरचटून घरात आला.

किती वाजले असतील ला पण त्या के ओरा सेरा म्हणतात. सेरान लास त्रेस, तीन वाजले असतील.

हिंजवडीचा कैदी
आज्जी हे फार महत्त्वाचं सांगितलंत. केळफूल, तुझ्या तिसऱ्या शंकेचं उत्तर हे आहे बघ. पुढे घडणाऱ्या गोष्टीसाठी बोय आ ने बऱ्यापैकी भागतं. पण आत्ताच्या गोष्टीबद्दल अंदाज करायचा तर हीच शेपटी, बोय आ तिथे लावलं तर अर्थच बदलतो. आणि मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, असेल म्हणायची आपली सवयच आहे. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे गडबडतात.

रिकामटेकडा
बघा, आज्जी तक्त्याशिवाय शिकल्या.

आज्जी_ऑनलाईन
अरे बाळा, फ्रिजवर चिकटवला होता मी तक्ता. मॅग्नेटला आंब्याचं चित्र होतं.

रिकामटेकडा
बरं. =(

मांडवीकाठ
अजून एक वापर राहिला. आज्ञा. बायबलमधल्या दहा आज्ञा स्पॅनिशमध्ये भविष्यकाळात आहेत, नो मातारास, नो रोबारास. तू मारशील नाहीस, चोरशील नाहीस, असं.

झणझणीत
आमच्या वडिलांचा पण हाच काळ होता. उद्या सकाळी सहाला उठशील, अंघोळ करशील आणि गुपचूप अभ्यासाला बसशील.

केळफूल
मंडळी खूप आभार. आता गृहपाठ तपासा प्लीज, बाईंना पाठवायचाय. वाक्यं अशी:
मान्याना एस्तुदिआरे एस्पान्योल. (उद्या स्पॅनिशचा अभ्यास करीन.)
मिस पाद्रेस बिबिरान एन पुने. (आईवडील पुण्यात राहतील.)
क्वान्दो येगारे आ कासा, ते यामारे. (जेव्हा घरी पोचेन तेव्हा तुला फोन करीन.)
सि योबेरा, नो साल्द्रे. (पाऊस पडेल तर बाहेर पडणार नाही. साल्द्रे मुद्दाम घातलंय.)

अनुस्वार
पहिली दोन चोख. रेघा वहीत मारल्या असशील असं धरतो.

तिसऱ्यात क्वान्दो नंतर पुढे घडणारी गोष्ट असेल तर शेपटी चालत नाही. क्वान्दो येगे आ कासा, ते यामारे. येगे हे सब्जंक्टिव (अजून न घडलेल्या, मनातल्या गोष्टींचं रूप), तो राक्षस पुढे येईलच. चौथ्यात सि नंतर साधा वर्तमानकाळ, सि युएबे, नो साल्द्रे. दोन्हीकडे भविष्यकाळ फक्त मुख्य वाक्यात राहतो.

आणि बघ, तू मराठी लिहिताना जरा पुस्तकी झालीस म्हणून फसलीस. घरात बोलताना आपण पोचले की फोन करते, पाऊस पडला तर जाणार नाही असंच म्हणतो, की आणि तर च्या आधी भविष्यकाळ घालतच नाही. जेव्हा पोचेन तेव्हा अशी जोडी करून भाषांतर केलंस की स्पॅनिशमध्ये चूक होणार. की आणि तर वालं मराठी डोक्यात ठेव.

गवतीचहा
अनुस्वार, हे मी उलट करून वर्गात वापरणार. माझे विद्यार्थी पाऊस पडेल तर म्हणतात आणि मला आजवर समजावता येत नव्हतं की कानाला का खटकतं.

लिंबूटिंबू
मी गुपचूप वाचत होते, मी पण क्लास लावलाय पण जानेवारीची बॅच. एक शंका. ओइर (ऐकणे) ला मूळ शब्दावरच रेघ आहे, इ वर. मग शेपटीची रेघ अधिक ती रेघ, दोन रेघा मारायच्या का?

अनुस्वार
नाही, एका शब्दावर दोन रेघा कधीच नाहीत. ओइर मध्ये इ वर रेघ होती कारण जोर तिथे होता आणि ओ, इ सुटे उच्चारायचे होते. ओइरे म्हटलं की जोर पुढे रे वर सरकला, मग इ वरची रेघ गेली, रे वरची आली. ओइरेमोस वर तर एकही नाही, वर सांगितलेल्याच नियमाने. रेइर (हसणे), फ्रेइर (तळणे) यांचं पण तेच.

केळफूल
लिहून घेतलं. शेवटचं, आमच्या पुस्तकात बोसोत्रोस चं रूप आहे पण कोलंबियाची मुलगी म्हणते आम्ही ते वापरतच नाही. परीक्षेला सोडलं तर चालेल का?

हिंजवडीचा कैदी
लॅटिन अमेरिकेत तुम्ही लोक साठी उस्तेदेस आणि त्याला एयोस चंच रूप, उस्तेदेस आब्लारान. माझ्या कॉलवर बोसोत्रोस एकदाही ऐकलं नाही. पण क्लास स्पेनच्या पुस्तकावर चालत असेल तर पेपरात ते विचारणारच, तेव्हा एइस पाठ कर.

आज्जी_ऑनलाईन
आणि व्हॅलेन्सियाला आलीस तर लागेलच. माझी विहीणबाई पोरांना रोज बोसोत्रोस, बोसोत्रोस करून ओरडते.